कड्याआडचा गांजा

२२ सप्टेंबर, रविवार

वर्षभर अंगावर असलेले काळे कपडे आज उतरवले आणि गोठ्यामागे जाळले. नवऱ्याला, थोझामिलेला जाऊन वर्ष झालं. सगळं गाव जमलं होतं. ज्वारीच्या बिअरची दोन पिंपं संपली. मटण कुणाला पुरलं, कुणाला नाही, आणि ज्यांना पुरलं नाही ते जास्त वेळ बसले. नवा निळा झगा अंगात घातला तेव्हा मला कसंतरीच झालं. नवऱ्याच्या दुःखाचीही मुदत असते आणि ती आज भरली.

वन्सं वुयेल्वा बिझाना शहरातून गाडी घेऊन आल्या होत्या. घरातल्या सगळ्यांसारख्या त्याही मला माहेरच्या कुळावरून मादिया म्हणतात. पण काही टोचायचं असलं की त्यांचा आवाज मऊ होतो. भांडी घासताना तो लोण्यासारखा झाला, तेव्हाच मी ओळखलं.

"मादिया, आता पुढचं काय ठरवलंस?"

"पुढचं म्हणजे हे मोठं पातेलं. बुडाला करपलंय."

"चेष्टा नको. माझा भाऊ गेला. मूलबाळ नाही. तू इथं कशाला अडकून पडतेस? तुझ्या माहेरी भाऊ आहे ना."

माहेरी भाऊ आहे, भावाची बायको आहे, आणि दोघांच्या मध्ये मी मावेन एवढी जागा नाही. पण ते मी बोलले नाही. वन्संचं चालूच होतं. "आईलाही मी किती दिवस सांगतेय, बिझानाला चल, दवाखाना दाराशी आहे. ती ऐकत नाही. कुणीच माझं ऐकत नाही."

सासूबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या. हो नाही, नाही नाही. त्यांच्या मनातलं एकोणीस वर्षांत मला कधी कळलं नाही.

मला इथंच राहायचंय. इथल्या उताराची, नदीच्या आवाजाची सवय झालीय. आणि थोझामिले इथं आहे. मी जाणार नाही. ओढून न्यावं लागेल.

२४ सप्टेंबर

सकाळी सासूबाईंनी हाक मारली. चुलीवरच्या आढ्याला टांगलेला, धुराने काळा झालेला छोटा तुंबा त्यांनी काढायला सांगितला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत मूठभर गांज्याचं बी.

"माझ्या सासूने मला दिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात उंदरांनी मोठा तुंबा फोडला. एवढंच उरलंय. आणखी एक वर्ष पडून राहिलं तर उगवायचं नाही."

खोऱ्यात आता सगळे शहरातून आलेलं बियाणं लावतात. त्याची बोंडं जाडजूड, पण धुकं आलं की कुजतात. सासूबाईंचं जुनं बियाणं उंच, सडपातळ, धुक्याला न घाबरणारं. ते आणखी कुणाकडे उरलेलं नाही.

"घरामागच्या उतारावर, कड्याच्या आडोशाला लाव. तिथं दुसऱ्यांच्या नरझाडांचे पराग वाऱ्याने येत नाहीत. आणि विष मारायचं नाही. त्याच पानांचा काढा मी छातीसाठी पिते."

"आई, मी गांजा कधी लावला नाही. डर्बनला आठ वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या, त्यानंतर मका आणि भोपळे, बस."

"मग आता लाव. नवं बी हातात आलं की आपण बोलू."

काय बोलायचं आहे ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. एक हंगाम मुदत दिलीय मला. बी आलं तर सून, नाही आलं तर वन्संच्या गाडीत मागच्या सीटवर. ठीक आहे. बी आणून दाखवते.

८ ऑक्टोबर

उगवलं. सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त. मी सकाळपासून चार वेळा जाऊन बघून आले. सासूबाई म्हणाल्या, "बघून बघून त्यांना दृष्ट लावशील."

२१ ऑक्टोबर

बोटभर झालेली रोपं आज ओळीने आडवी पडलेली. देठ जमिनीलगत कापलेला आणि वरची पानं अजून ताजी. आधी वाटलं कुणी वैऱ्याने येऊन कापली. माती उकरली तर करड्या रंगाची गुबगुबीत अळी वेटोळं करून झोपली होती. रात्रभर लाकूडतोड करायची आणि दिवसा झोपायचं. दगडाने ठेचली. मग तिथंच बसून रडले. मग राग आला. राग बरा, रडण्यापेक्षा त्याचा काही उपयोग होतो.

नदीपलीकडे फिकिले काका राहतात. माझ्या बापाच्याच कुळातले, म्हणून काका. त्यांच्याकडे गेले.

"प्रत्येक देठाला पुठ्ठ्याची कॉलर घाल," ते म्हणाले. "दोन बोटं मातीत, चार बोटं वर. अळीला चढता येत नाही, ती काही शेळी नाही."

पुठ्ठा कुठून आणू? तर म्हणे, गुत्त्यामागे बिअरचे कागदी डबे पडलेले असतात, वरून मेणकापड असल्यासारखे, पावसात विरघळत नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

गुत्त्यामागून पोतंभर डबे गोळा करून आणले आणि अंगणात धुवायला बसले. आज गुरुवार, हे डोक्यातच आलं नाही. दर गुरुवारी चर्चला निघणाऱ्या प्रार्थना मंडळाच्या सगळ्या बायका लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या घालून आमच्याच कुंपणावरून निघाल्या. अध्यक्षीणबाई थांबल्या.

"मादिया, काळे कपडे उतरून महिना नाही झाला."

"बाई, डबे रिकामेच आणलेत."

"तेच म्हणतेय मी. रिकामे झाले कसे?"

मी अळीबद्दल सांगायला लागले, पण गांज्याचं नाव प्रार्थनेच्या वाटेवर कसं काढायचं? त्यांच्यातल्या निम्म्या जणी तेच लावतात, तरी गुरुवारी लावत नाहीत. तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "सुनेने एवढी बिअर प्यायली असती तर मला एक तरी डबा दिला नसता का?" सगळ्या हसल्या आणि पुढे गेल्या.

गावासमोर माझी थट्टा केली त्यांनी. असू दे. संध्याकाळपर्यंत सगळ्या रोपांना कॉलर घालून झाल्या. आता शेत बघितलं की वाटतं गुत्ता तिथंच भरलाय.

२ नोव्हेंबर

दहा दिवसांत एकही रोप पडलं नाही. फिकिले काकांना मक्याची दोन कणसं द्यायची.

९ डिसेंबर

नाकतोडे. टोळकं करून येतात, पानाच्या कडेपासून आत खात जातात, आणि हात लावायला गेलं की टुणकन दुसऱ्या झाडावर. मी सकाळभर शेतात उड्या मारत होते. चार सापडले. मग कोंबड्या सोडल्या. कोंबड्यांनी नाकतोडे खाल्ले खरे, पण नंतर मुळंही उकरायला लागल्या. म्हणजे चोर पकडायला पोलीस आणावेत आणि त्यांनीच जेवायला बसावं. प्रत्येक बुंध्याभोवती काटेरी फांद्या रचल्या. हात रक्ताळले.

दुपारी ससाण्याने सासूबाईंची लाडकी तांबडी कोंबडी उचलली. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "झाडं कशी आहेत?"

"कमरेएवढी."

"मग झालं."

कोंबडीचा हिशेब माझ्या नावावर मांडला असणारच.

२७ डिसेंबर

नाताळाला वन्सं मुलांना घेऊन आल्या. धाकटा दीर दुमिसा तर इथंच असतो, शेजारच्या झोपडीत. गाईची धार काढतो आणि मग दिवसभर त्या श्रमातून सावरतो.

कोवळ्या शेंड्यांवर मावा पडलाय. हिरवे, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे. त्यांच्या मागोमाग मुंग्या, जणू मावा म्हणजे त्यांची दुभती गुरं. मी तोंड पाडून जेवत होते. दुमिसाने खिशातून एक बाटली काढून पुढे ठेवली.

"वहिनी, याचं एक झाकण पाण्यात. संध्याकाळपर्यंत सगळे आडवे. वरच्या आळीत सगळे हेच मारतात."

"टाक की," वन्सं म्हणाल्या. "एवढी राबतेस कशासाठी? कोण बघतंय?"

खरं सांगते, हात गेला होता बाटलीकडे. माझी पाठ दुखते, नखं तुटलीत, आणि मुदत संपत चाललीय. मी सासूबाईंकडे बघितलं.

"आई, काय करू?"

"तुझं शेत आहे. तू बघ."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. चुकलं तर मादिया चुकली. मग मला ते जुने उन्हाळे आठवले. दर फेब्रुवारीत पोलिसांचं हेलिकॉप्टर खोऱ्यावरून विष फवारत जायचं. गांजा मरायचा, पण भोपळे आणि वाटाणेही करपायचे, आणि मधमाश्या दोन वर्षं फिरकल्या नाहीत. सासूबाईंची छाती तेव्हापासूनच अशी आहे. वरून विष टाकणारे थांबले, आणि आता आम्हीच खालून मारायचं? बाटली दुमिसाला परत दिली.

साबणाचं पाणी आणि राख घेऊन शेंडा न शेंडा धुतला. अशी लाडाची अंघोळ मी थोझामिलेलाही घातली नव्हती.

६ जानेवारी

लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे बारके भुंगे आलेत आणि मावा खातायत. मी बोलावले नव्हते. विष मारलं असतं तर हेही मेले असते. वन्संना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सांगायला फोन केलास?"

३० जानेवारी

झाडं माझ्याहून उंच झालीत. नर-मादी ओळखू यायला लागली. खोऱ्यात सगळेजण नरझाडं उपटून टाकतात, बी धरू नये म्हणून. मला तर बीच हवंय. नरांतले सरळ, निरोगी तीन ठेवले, बाकीचे उपटले. वाटेवरून जाणारी शेजारीण थांबली.

"मादिया, नवरे ठेवतेस?"

"तीनच."

"विधवेला तीन खूप झाले गं."

"त्यातला एखादा तरी कामाचा निघेल."

किती दिवसांनी हसले आज.

१२ फेब्रुवारी

हसायला नको होतं. तुऱ्यांच्या आत अळ्या शिरल्यात. बाहेरून तुरा धडधाकट दिसतो, फक्त एखादं पान पिवळं. उघडलं की आत हिरवी अळी आणि तिची घाण. कोवळं बी त्यांना फार आवडतं. म्हणजे माझ्याच मुदतीवर बसून जेवतायत.

मिरच्या आणि रानलसूण वाटला, रात्रभर भिजवला, गाळला, मारला. वारा उलटा होता. निम्मं माझ्याच डोळ्यांत. दुमिसा म्हणाला, "वहिनी, रडतेस कशाला, बाटली अजून आहे माझ्याकडे."

२१ फेब्रुवारी

उपाय लागू पडला. रोज सकाळी जाते तर अळ्या कमी कमी. आज शोधून शोधून दोन सापडल्या. मी आठवड्यातून दोनदाच फवारते आणि एवढा गुण. फिकिले काकांनाही पटत नव्हतं. ते म्हणाले, लसणाने अळी शिंकते फार तर, मरत नाही. त्यांना काय माहीत माझा लसूण.

सासूबाईंची मात्र काळजी वाटायला लागलीय. दोन-तीनदा बघितलं, मी उठायच्या आत त्या बाहेर जाऊन आलेल्या असतात. झग्याची कड दवाने ओली. बोटांची टोकं काळी-हिरवी, चिकट.

"कुठं गेला होतात, आई?"

"रानभाजी शोधत होते."

टोपलीत एक पान नव्हतं. गुडघे धरून धरून चालतात आणि पहाटे निघतात भाजीला. या वयात डोकं असं फिरायला लागतं म्हणे. न राहवून वन्संना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता मला बघायलाच हवं."

२ मार्च

पानांवर पांढरी भुरी. पीठ सांडल्यासारखी. खालच्या पानांपासून वर चढतेय. बी अजून भरायचं आहे, आणि पानं गेली तर बी भरणार कशाने? तीन दिवस दाट धुकं होतं, त्यानेच केलं; हे बियाणं धुक्याने कुजत नाही, पण भुरी त्यालाही सोडत नाही.

फिकिले काका फोनवर म्हणाले, "भोपळ्यावर येते तीच. ताजं दूध घ्यायचं, पाण्यात मिसळायचं आणि उन्हात फवारायचं. दर तीन दिवसांनी."

दुधावर येऊन अडलंय. दुकानात दूध नाही, पूल पाण्याखाली आहे, माल आलेला नाही. गोठ्यात आमची गाय आहे. पण या घरचं दूध मला चालत नाही.

नव्या सुनेला दुधाचा विधी केल्याशिवाय सासरचं दूध शिवता येत नाही. माझा विधी राहिला. पहिल्या वर्षी बकरी नव्हती. मग म्हणाले मूल झालं की करू. मूल झालं नाही. मग थोझामिलेला खाणीच्या धुळीने आजारी पाडलं आणि कुणी विषय काढला नाही. सून काही स्वतः विचारत नाही, माझा विधी कधी करता म्हणून. एकोणीस वर्षं मी लापशी पाण्याशी नाहीतर भाजीशी खाल्ली. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही.

दुमिसाची बादली स्वयंपाकघरात झाकून असते. आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मी झाकण उचललं, साय बघितली आणि झाकण ठेवलं. चोरीचं दूध माझ्या झाडांना नको.

५ मार्च

बापाच्या कुळाचं दूध मला चालतं, आणि फिकिले काकांकडे दोन गाई आहेत. नदी अजून उतरलेली नाही म्हणून डोंगरावरच्या वाटेने, जिथं तिचा नुसता ओहोळ आहे तिथून गेले. सकाळी निघाले, दुपारी डोक्यावर कॅन घेऊन परत. लगेच पाण्यात मिसळून मारलं. दर तीन दिवसांनी जायचं. जाईन.

१६ मार्च

भुरी थांबली. वर चढत नाहीये. माझे पाय मात्र गेले.

गावात बोललं जातंय. सून स्वतःच्या गोठ्यावरून जाते आणि दुसऱ्याच्या घरून दूध आणते. आज कॅन घेऊन अंगणात शिरले तर सासूबाई वाटेतच उभ्या.

"कुणाकडचं दूध?"

"माझ्या बापाच्या माणसांकडचं."

"आपली गाय आटली का?"

"नाही आई. पण ते दूध मला अजून दिलेलं नाही."

बोलून गेले. एकोणीस वर्षं तोंडात धरलं होतं आणि कॅनच्या वजनाने सुटलं. सासूबाईंचा चेहरा पडला. त्या मागे वळल्या. आत जाऊन दार लावून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत.

झालं. सहा महिन्यांची मेहनत एका वाक्यात घालवली मी. तरी दूध मारून आले. झाडांचा काय दोष?

२३ मार्च, रविवार

आज बकरी कापली. माझ्यासाठी.

सासूबाईंनी दुमिसाला बाजारात पाठवून बकरी आणवली, कुळातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. मला नवा झगा, खांद्यावर चादर. चटईवर बसवलं. आधी मांस, मग घरच्या आंबट दह्याची वाटी. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिली. "या घरचं दूध आहे. खा," एवढंच म्हणाल्या. मी खाल्लं. त्रेचाळीस वर्षांची नवी नवरी. थोझामिले असता तर हसून लोळला असता. मला त्याची फार आठवण आली.

हे त्यांनी गावाच्या बोलण्यासाठी केलं, हे मला कळतं. घराची अब्रू. तरी चव छान होती.

संध्याकाळी दुमिसाकडे झाडांसाठी दूध मागितलं. "पूर्वजांच्या गाईचं दूध गांज्याला पाजतेस?" तो म्हणाला. मी म्हटलं, पूर्वजांनीच लावलेला गांजा आहे. त्याने निमूटपणे तांब्या भरून दिला.

११ एप्रिल

बी पिकलं. करडं, पट्ट्यापट्ट्यांचं, कडक. दाताखाली फुटतं. पहिले तुरे कापून झोपडीत उलटे टांगले. नाक भरून वास. सासूबाई खाली बसून तुरे हातावर चोळत होत्या, बी पाखडत होत्या, आणि काहीतरी गुणगुणत होत्या. मी आत गेले तशा गप्प झाल्या.

१७ एप्रिल

तुंबा भरला. मूठभर घेतलं होतं, काठोकाठ झालं. मी तो हलवून आवाज ऐकत बसले. वन्संचा फोन आला, उद्या येतायत, ईस्टरसाठी. म्हणाल्या, यावेळी सोक्षमोक्ष लावूनच जाणार. लावा. मी तयार आहे.

२० एप्रिल, ईस्टरचा रविवार

काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

प्रार्थनेहून आलो तर वन्संच्या गाडीची डिकी उघडी आणि आत एक बॅग. मला वाटलं माझीच बांधली. जवळ जाऊन बघितलं तर वरती सासूबाईंची प्रार्थनेची टोपी.

"आईला नेतेय मी," वन्सं म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना, पहाटे भटकते म्हणून. कुठं पडली तर? दुमिसा जाईल डर्बनला कामाला. घराला कुलूप. तू तुझं बघ."

मी आत गेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, बूट घालून, पाहुण्यासारख्या. मला दुसरं काही सुचलं नाही. तुंबा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आई, बी हातात आलं. बी आल्यावर बोलू म्हणाला होतात. आता बोला."

त्यांनी तुंबा उचलून परत माझ्या हातात दिला. "दिलेलं बियाणं परत घेत नाहीत. ते तुझं आहे. सप्टेंबरातच दिलं."

"मग बोलायचं काय होतं?"

बाहेर वन्सं हॉर्न वाजवत होत्या.

"विचारायचं होतं तुला. वुयेल्वा वर्षभर मागे लागलीय. मला नाही जायचं. माझा नवरा इथं आहे, मुलगा इथं आहे. पण एकटीला मला ठेवणार कोण? घर चालतं ठेवणारी बाई हवी. तुला कसं सांगू, राहा म्हणून? तुला मूल नाही, नवरा नाही, आम्ही तुला दूधसुद्धा दिलं नव्हतं. कुठल्या तोंडाने मागायचं? म्हटलं, एक हंगाम माती हातात येऊ दे. इथं जीव रमला तर मग विचारीन." त्या बुटांकडे बघत होत्या. "मला ठेवून घेशील का, मादिया?"

सात महिने मी ज्या बाईला न्यायाधीश समजत होते, ती माझ्याच दारात अर्ज घेऊन उभी होती. मी ओक्साबोक्शी रडायला लागले. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं मी नाही म्हणतेय. "राहू दे, राहू दे," म्हणत उठायला लागल्या. मी वाकून त्यांचे बूट काढले.

मग बाहेर गेले आणि डिकीतून बॅग उचलली.

"ती कुठं नेतेस?" वन्सं म्हणाल्या.

"आत."

"कुणाला विचारून?"

"त्यांनी मला विचारलं. आमचं ठरलंय."

"आणि उद्या पहाटे ती कुठं निघून गेली म्हणजे?"

"रोज पहाटे मी त्यांच्याबरोबर जाईन रानभाजीला," मी म्हटलं. सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. यावर त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. पण आईला असं हसताना बघून वन्संनी डिकी लावून टाकली. त्या गाडीला टेकून रडल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांनाही आई हवी होती, एवढंच.

दुपारी त्या निघाल्या. मी भोपळे ठेवले मागच्या सीटवर. काच खाली करून त्या म्हणाल्या, "रात्री तिला खोकला येतो. उशी उंच लागते."

"माहीत आहे, वन्सं."

"आणि काढा गरम दे, कोमट नको."

"देईन."

आता दिवेलागणीची वेळ आहे. सासूबाई काढा पिऊन आडव्या झाल्यात. उशी दुमडून दिलीय.